पिळलेली तार, तापलेलं तेल

मोटारीखालची स्प्रिंग दबते असं डोळ्यांना दिसतं. प्रत्यक्षात तिची तार पिळली जात असते. गाडीचं वजन वरून आलं की वेटोळ्यांमधलं अंतर कमी होतं हे खरं, पण तारेच्या आत पोलाद दाबलं जात नसतं. तार स्वतःच्याच अक्षाभोवती किंचित वळते आणि वजन हटलं की उलटी वळून जागेवर येते. स्प्रिंग म्हणजे मुळात एक लांबच लांब सळई, जागा वाचावी म्हणून गुंडाळलेली. जुन्या पोर्शे ९११ मध्ये आणि मॉरिस मायनरच्या पुढच्या चाकांपाशी तर ती न गुंडाळता सरळच बसवलेली असे, आणि कामही अगदी हेच करत असे.

हे एकदा कळलं की पुढचा हिशेब थक्क करतो. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. १० मिलिमीटरची तार ११ मिलिमीटरची केली, बाकी सगळं जसंच्या तसं ठेवलं, तरी स्प्रिंग ४६ टक्क्यांनी कडक होते. दोन स्प्रिंगा शेजारी ठेवल्या तर एवढा फरक नुसत्या डोळ्यांना कळणारही नाही. वेटोळ्याचा घेर वाढवला तर घेराच्या घनाच्या हिशेबाने ती मऊ पडते. वेटोळी वाढवली की त्या प्रमाणात मऊ, कापली की कडक. आठ कामाची वेटोळी असलेल्या स्प्रिंगची दोन वेटोळी उडवा, ती एक तृतीयांशाने कडक झालीच म्हणून समजा. गाडी जरा खाली बसावी, रुबाबदार दिसावी म्हणून ग्राइंडर घेऊन स्प्रिंगा कापणारे कारागीर जगभर आहेत. आपण गाडीची उंचीच नव्हे, स्वभावही कापतो आहोत याची त्यांतल्या कितीजणांना कल्पना असते कोण जाणे.

या हिशेबात पोलादाचा एकच गुण येतो: पिळाला विरोध करण्याची त्याची मूळ ताकद. ती स्वस्त पोलादात आणि महाग पोलादात जवळपास सारखीच असते, आणि वयानुसार बदलतही नाही. म्हणून तीस वर्षांच्या गाडीबद्दल ‘स्प्रिंगा मऊ पडल्या’ असं जे म्हटलं जातं ते बहुधा खरं नसतं. स्प्रिंग मऊ होत नाही, ती बसते. वर्षानुवर्षं पिळून पिळून तिची मोकळी उंची थोडी घटते, गाडी खाली येते, एखादा कोपरा दुसऱ्यापेक्षा जास्त झुकतो, पण शिल्लक उंचीत ती पूर्वीइतकीच कडक असते. महाग पोलाद लागतं ते याचसाठी: जास्त पीळ सोसूनही त्याने बसू नये, मोडू नये. ज्या देशांत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात तिथे स्प्रिंगा म्हाताऱ्या होऊन नव्हे, गंजून मोडतात, आणि बहुतेकदा टोकाच्या वेटोळ्यात मोडतात.

हे सगळं एका खऱ्या गाडीत बसवून पाहू. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात माझदाने एमएक्स-५ मांडली. दोन आसनं, उघडं छप्पर, मागच्या चाकांना ताकद, वजन एक टनाच्या आत, पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर फक्त २,२६५ मिलिमीटर, आणि चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन. प्रकल्पाचे प्रमुख तोशिहिको हिराई यांनी ‘जिंबा इत्ताई’ हे जपानी वचन डोळ्यांसमोर ठेवलं होतं: घोडा आणि स्वार एकजीव. २०१६ मध्ये या गाडीचं उत्पादन दहा लाखांच्या पुढे गेलं. पहिल्या पिढीच्या गाड्या आता तिशी ओलांडून गेल्या, तरी जपान, ब्रिटन, अमेरिका इथे त्या अजून रोज रस्त्यावर दिसतात. कुणी ऑफिसला नेतं, कुणी किराणा आणायला. अशा मालकापुढे कधी ना कधी एक प्रश्न येतोच. मूळच्या स्प्रिंगा बसल्या, शॉकअब्सॉर्बर गळायला लागले. आता काय घालावं, म्हणजे कंबर शाबूत राहील आणि गाडीचा खोडकरपणाही?

बाजाराचं उत्तर तयार असतं: गाडी तीस-चाळीस मिलिमीटर खाली बसवणाऱ्या कडक स्प्रिंगा घ्या, किंवा उंची कमी-जास्त करता येणारा अख्खा कॉइलओव्हर संच घ्या. खाली आणि कडक म्हणजे स्पोर्ट्स कार, असा एकूण समज. माझ्या मते रोजच्या गाडीसाठी हे उत्तर उलट्या टोकाकडून सुरू होतं. का, ते समजायला आधी झोपाळ्यावर बसावं लागेल.

घरातल्या झोपाळ्यावर नात बसो की आजोबा, एक झोका यायला-जायला जवळपास तेवढाच वेळ घेतो. वजनाने काही बिघडत नाही, कड्यांची लांबी सगळं ठरवते. गाडीचंही तसंच आहे, आणि गंमत अशी की ही नुसती उपमा नाही, गणित शब्दशः एकच आहे. गाडी स्वतःच्या वजनाने चाकांवर जितकी बसते, तितक्या लांबीच्या लहानशा झोक्याचा जो वेळ, तोच गाडीच्या एका वर-खाली हेलकाव्याचा वेळ. गाडी २५ सेंटिमीटर बसत असेल तर ती सेकंदाला एकदा हेलकावते, २५ सेंटिमीटरच्या दोरीला टांगलेल्या दगडासारखीच. ११ सेंटिमीटर बसत असेल तर सेकंदाला दीड वेळा. सव्वासहाच्या किंचित खाली बसत असेल तर दोन वेळा. वजन किती, स्प्रिंगचा आकडा काय, कंपनी कुठली, काही विचारायचं कारण नाही. साध्या, एकसारख्या कडकपणाच्या स्प्रिंगांवरची कोणतीही गाडी या एका मोजमापावर आपला स्वभाव सांगून टाकते.

आरामशीर सेडान सेकंदाला एक ते दीड हेलकाव्यांच्या घरात असते, रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कार दीड ते दोनच्या आसपास, आणि हवेच्या दाबावर जमिनीला चिकटून धावणाऱ्या शर्यतीच्या गाड्या तीन-चारच्याही वर. माणसाचं शरीर या आकड्यांकडे अगदी कान टवकारून असतं. चालताना आपण सेकंदाला दोनच्या आसपास पावलं टाकतो आणि दर पावलागणिक डोकं वर-खाली होतं. त्या लयीची आपल्याला बालपणापासून सवय आहे. पण सेकंदाला चार ते आठ वेळा बसल्या जागी हलवलं की पाठीचा कणा आणि पोटातले अवयव त्या लयीत जास्तच साथ देऊ लागतात. मानवी कंपनांविषयीच्या आयएसओ २६३१ या मानकात उभ्या हादऱ्यांसाठी शरीर सर्वांत हळवं धरलं आहे ते याच पट्ट्यात. उलट टोकाला, पाच सेकंदांत एकदा अशा संथ डुलण्याने पोटात ढवळतं. बोट लागते ती तिथे. आरामाची जागा या दोन संकटांच्या मधली अरुंद पट्टी आहे, आणि स्प्रिंग निवडणं म्हणजे त्या पट्टीत आपली जागा धरणं.

आता एमएक्स-५. चालकासह साधारण १,०४० किलो धरू. एका कोपऱ्यावर २६० आले, त्यातून चाक, ब्रेक वगैरे स्प्रिंगच्या खालचे तीसेक किलो वजा करू. उरले २३०. रोजच्या वापरासाठी सेकंदाला १.४ हेलकावे ही छान लय. तिच्यासाठी चाकापाशी दर मिलिमीटरला सुमारे १८ न्यूटन कडकपणा लागतो. पण स्प्रिंग चाकाच्या डोक्यावर थोडीच बसते. ती चाक धरणाऱ्या बाहूच्या, म्हणजे विशबोनच्या, आतल्या बाजूला टेकते. चाक १० मिलिमीटर हललं आणि स्प्रिंग ७ मिलिमीटरच दबली, तर एकदा अंतरात मार बसतो आणि एकदा तरफेमुळे बळात, म्हणजे ०.७ गुणिले ०.७. स्प्रिंगचा अर्धाच कडकपणा चाकापर्यंत पोचतो. तेव्हा १८ मिळवायचे तर ३६-३७ ची स्प्रिंग हवी. एका गाडीच्या स्प्रिंगचा आकडा दुसऱ्या गाडीच्या आकड्याशी ताडून पाहण्यात म्हणूनच काही अर्थ नसतो. तरफ वेगळी, वजन वेगळं. आणि हाव धरून १.४ चे २ हेलकावे करायचे ठरवले, तर कडकपणा दुपटीहून जास्त वाढवावा लागतो, कारण लय वर्गमुळाने वाढते. जाहिरातीत ‘दुप्पट कडक’ वाचायला जोरदार वाटतं. पाठीला ते दर दगडागणिक वाचावं लागतं.

पुढची आणि मागची स्प्रिंग सारखी ठेवावी का? इथे मॉरिस ऑली या माणसाला भेटायला हवं. हा इंग्रज इंजिनिअर रोल्स-रॉइसमधून निघून १९३० मध्ये अमेरिकेत कॅडिलॅककडे आला. त्या काळी गाड्यांना पुढे कडक स्प्रिंगा असत आणि मागे मऊ. उंचवटा आला की गाडी नाक वर, शेपूट खाली, मग शेपूट वर, नाक खाली, अशी डोलत जाई. मागच्या आसनावरच्या श्रीमंतांचे हाल होत. ऑलीने एका लिमोझिनला पुढे-मागे वजनं टांगायची सोय केली, ती वजनं आणि स्प्रिंगा बदलत राहिला, आणि निरनिराळ्या जुळण्यांत स्वतः व सहकारी तासन्‌तास बसून पाहिलं. आरामाचं मोजमाप करायला तेव्हा यंत्र नव्हतं. बसणाऱ्याचं अंग हेच यंत्र. निष्कर्ष तेव्हाच्या रिवाजाच्या अगदी विरुद्ध निघाला: पुढची लय संथ हवी, मागची किंचित जलद.

कारण सुंदर आहे. उंचवटा पुढच्या चाकांना आधी भेटतो, मागच्यांना नंतर. गाडीचं पुढचं टोक हेलकावायला लागलेलं असतं तेव्हा मागचं अजून शांत असतं. मागच्याची लय थोडी जलद असेल तर ते उशिरा सुरू होऊनही पुढच्याला गाठतं आणि एका हेलकाव्यानंतर दोन्ही टोकं एकत्र वर-खाली होतात. नाक-शेपटीचं डोलणं थांबतं, उरतं ते सरळ उचललं जाणं, आणि ते अंगाला फारच कमी खुपतं. एमएक्स-५ चं उदाहरण घेतलं तर पुढे १.४ आणि मागे १.६ हेलकावे असताना दोन्हींच्या एका फेरीच्या वेळात सेकंदाच्या नऊशतांशांइतका फरक पडतो. २,२६५ मिलिमीटरचं अंतर तेवढ्या वेळात कापायचा वेग ताशी सुमारे ९० किलोमीटर. म्हणजे हमरस्त्यावरच्या वेगाला हा मेळ जवळजवळ अचूक बसतो. नव्वद वर्षांपूर्वी लिमोझिनमध्ये बसून सापडलेला हा नियम दोन आसनी गाडीलाही लागू आहे. नव्या स्प्रिंगांचा संच विकत घेताना तो फक्त पुढूनच फार कडक केलेला नाही ना, हे विचारायचं ते यासाठी. वळणावर गाडी कमी कलावी एवढंच हवं असेल तर अँटी-रोल बार थोडा जाड करणं बऱ्याचदा बरं. दोन्ही चाकं एकदम वर गेली तर तो दांडा स्वस्थ बसतो. एकच चाक वर गेलं तरच जागा होतो. मात्र फार जाड केला तर एका बाजूचा खड्डा दुसऱ्या बाजूलाही कळवतो.

इथपर्यंत स्प्रिंगच बोलत होती. तिची खोड अशी की ती काहीच विसरत नाही. जेवढी ऊर्जा घेतली तेवढी जवळपास सगळी परत देते. नुसत्या स्प्रिंगांवर गाडी एका खड्ड्यानंतर पुढचा अर्धा किलोमीटर उसळत जाईल. तिला विसरायला लावायचं काम शॉकअब्सॉर्बरचं. नावात धक्का असला तरी धक्का सोसते स्प्रिंग; शॉक फक्त हेलकावा मारतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्रुफो नावाच्या फ्रेंच माणसाची घर्षणाची युक्ती अमेरिकेत हार्टफर्डने विकली: चकत्या एकमेकींवर घासायच्या आणि हेलकावा थांबवायचा. अडचण अशी की घर्षण जागचं हलायलाच जास्त विरोध करतं. बारीक खडीवर गाडी आखडून बसे आणि मोठ्या उसळीला तेच घर्षण अपुरं पडे. तेलाचा स्वभाव बरोबर उलटा. भोकातून हळू ढकललं तर ते मुकाट जातं, जोरात ढकललं तर हटून बसतं. आजच्या शॉकमध्ये दट्ट्याला भोकं असतात आणि त्यांच्यावर कागदासारख्या पातळ पोलादी चकत्यांची चळत. तेलाच्या दाबाने चकत्या वाकतात आणि वाट देतात. कोणत्या जाडीच्या किती चकत्या, कुठल्या क्रमाने, यात त्या शॉकचा सगळा स्वभाव येतो. वर जाताना वेगळी चळत, खाली येताना वेगळी. बहुतेक गाड्यांत चाक खाली सुटतानाचा विरोध वर जातानाच्या विरोधापेक्षा बराच जास्त ठेवलेला असतो, कारण वर जाणाऱ्या चाकाला अडवलं तर तो धक्का थेट आसनापर्यंत येतो.

आणि ही मारलेली ऊर्जा जाते कुठे? तेलाच्या उष्णतेत. एक टनाची गाडी पाच सेंटिमीटर खाली आपटली तर सुमारे ४९० जूल ऊर्जा सुटते. आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण १०० मिलिलिटर पाणी तेवढ्याने जेमतेम सव्वा अंश तापेल. अख्खी गाडी हादरवणारा दणका म्हणजे कोमट पाण्याचा अर्धा पेलाही नाही! खराब रस्त्यावर मात्र असे दणके सेकंदासेकंदाला येतात, तेल तापत जातं, आणि त्यात हवा मिसळून फेस झाला की दट्ट्या तेलाऐवजी फेसातून धावतो. साध्या दुहेरी नळीच्या शॉकमध्ये आत तेल आणि वर थोडी जागा एकाच पोकळीत असतात, म्हणून हा धोका. फ्रान्सच्या क्रिस्तियाँ बूर्सिए द कार्बाँ यांनी १९५३ मध्ये तोडगा काढला: एकच नळी, एका बाजूला तेल, दुसऱ्या बाजूला दाबाखालचा वायू, आणि दोहोंमध्ये तरंगता दट्ट्या. तेल-वायूची भेटच होऊ द्यायची नाही. १९५७ पासून बिल्स्टाइनने असे शॉक मर्सिडीजसाठी मोठ्या प्रमाणावर बनवले. त्यातला वायू पंचवीसेक बार दाबाचा असतो. १२ मिलिमीटरच्या दांड्यावर तो दाब २८-२९ किलो वजनाइतकं बळ लावतो, म्हणून खोक्यातून काढलेला असा शॉक दाबून ठेवला नाही तर दांडा आपोआप बाहेर येतो. गाडीला घातल्यावर ती किंचित उंचही होते. नव्या शॉकनी गाडी वर का आली, असं कुणी विचारलं तर उत्तर हे.

स्प्रिंग आणि शॉक यांचा मेळ म्हणजे खरी कलाकुसर. स्प्रिंग ४४ टक्क्यांनी कडक केली तर शॉकचा जोर २० टक्क्यांनी वाढवला की तोल जुळतो, इथेही वर्गमूळच. मूळचे शॉक थोड्या कडक स्प्रिंगा कसेबसे सांभाळतील, पण जुने, थकलेले शॉक आणि वर कडक स्प्रिंगा, ही सर्वांत वाईट जोडी. गाडी एकाच वेळी टणक आणि उसळखोर होते. दुसऱ्या बाजूला, शॉक वाजवीपेक्षा जोरकस असला की चाक खाली यायला उशीर करतं, तेवढ्यात पुढचा खड्डा येतो, आणि गाडी दर खड्ड्यागणिक थोडी थोडी खाली खेचली जाते. ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या एका जुन्या घराण्याने, विशेषतः लोटसने, मऊ स्प्रिंग आणि नेमका शॉक हा मार्ग धरला. एमएक्स-५ ची स्फूर्ती असलेली १९६२ ची लोटस एलान याच मार्गाची. ती गाडी वळणावर झुकते, रस्त्याला चिकटते आणि खड्ड्यातून गुपचूप जाते. आराम आणि पकड ही दोन भावंडंच आहेत. दोन्हींची मागणी एकच: चाकाने रस्ता सोडू नये.

आता सर्वांत दुर्लक्षित तुकडा. शॉकच्या दांड्यावर फोमसारख्या पॉलियुरेथेनचा एक ठोकळा ओवलेला असतो, बंप स्टॉप. चाक खूप वर आलं की शॉक त्याच्यावर टेकतो, म्हणजे धातू धातूवर आदळत नाही. हा ठोकळा म्हणजेही स्प्रिंगच, आणि दबत जाईल तशी झपाट्याने कडक होणारी. पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ मध्ये चाकाला वर जायला जागा मुळात थोडी. ती गाडी ३० मिलिमीटर खाली बसवा. त्या थोड्या जागेतलेच ३० मिलिमीटर गेले. मग साध्या गतिरोधकावरही गाडी ठोकळ्यावर टेकते, आणि त्या क्षणी तिचा कडकपणा कित्येक पट होतो. चालक म्हणतो, स्प्रिंग फार कडक आहे. गंमत म्हणजे दोष बहुधा स्प्रिंगकडे नसतो. ती बिचारी कामाला येण्याआधीच जागा संपलेली असते. याच कारणाने थोडी कडक स्प्रिंग घालून गाडी ठोकळ्यापासून दूर ठेवली तर ती पूर्वीपेक्षा मऊ वाटू शकते. कडक स्प्रिंगने आराम वाढला, असं सांगणाऱ्याला वेड्यात काढू नका.

मग घ्यावं काय? पहिल्यांदा उंची ठरवा, कडकपणा नंतर. मूळ उंचीच्या आसपास, फार तर १५ मिलिमीटर खाली, यापुढे रोजच्या गाडीने जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. जपानमध्ये तर जमिनीपासून किमान ९ सेंटिमीटर अंतर कायद्यानेच लागतं, आणि जर्मनीत बदललेल्या स्प्रिंगांना मान्यतेचा कागद हवा. आपल्याकडेही मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना आडवं येतं, तेव्हा इथे कुठलीही गाडी खाली बसवण्याआधी ते वाचलेलं बरं.

उंची मूळची ठेवायची असेल तर शॉकही मूळ लांबीचे घ्या. बिल्स्टाइनच्या खोक्यांवरचे आकडे इथे कामाला येतात: बी४ म्हणजे मूळच्यासारखा, बी६ म्हणजे मूळ लांबीचा पण जास्त जोरकस, बी८ म्हणजे खाली बसवलेल्या गाडीसाठी आखूड केलेला. बी८ दिसायला तसाच, पण मूळ उंचीच्या गाडीला घातला तर चाकाला खाली सुटायला पुरेशी जागा राहत नाही. नेदरलँड्सच्या कोनीचा पिवळा शॉक घेतला तर चाक खाली सुटतानाचा विरोध फिरवून कमी-जास्त करता येतो. अगदी मऊ टोकापासून सुरुवात करून, उसळणं थांबेल तिथे थांबावं. पुढे गेलात तर ते फक्त मर्दुमकीसाठी. कोनीचाच आणखी एक प्रकार आहे, ज्यात चाक लांब वेळ एकाच दिशेने हललं की आतली आडवाट हळूहळू बंद होते. बारीक खडीवर शॉक मऊ आणि वळणावर जोरकस, तेही विजेशिवाय. लोखंडाची बारीक कणी मिसळलेलं तेल चुंबकाने क्षणात घट्ट करणारे शॉक २००२ मध्ये कॅडिलॅकने आणले, पण चार चकत्या आणि एका आडवाटेतून तेच साधणारी युक्ती मला जास्त मोहवते.

स्वस्त कॉइलओव्हर संचांपासून मात्र लांब राहावं. तीस-बत्तीस टकटकींचं बटण दिसलं की हात शिवशिवतात. पण पुष्कळ संचांत त्या टकटकी दोन्ही दिशांचा विरोध एकत्रच बदलतात, स्प्रिंगा शर्यतीच्या लयीच्या असतात आणि आतला प्रवास आखूड. उत्तम कॉइलओव्हर असतात. स्वीडनच्या ओलिन्सच्या संचांत तेलाला दोन्ही दिशांनी चटकन वाट देणारी झडप असते आणि ते खडबडीत रस्त्यावर आश्चर्य वाटावं इतके सौम्य असतात. पण त्यांची किंमत पाहिली की जुन्या एमएक्स-५ च्या मालकाला गाडीच नवी घ्यावीशी वाटेल.

टायर विसरू नका. तोही स्प्रिंगच आहे, हवेची. या गाडीला मूळ १४ इंची चाकं आणि १८५/६० चे टायर होते. त्या जागी १७ इंची चाक आणि पातळ टायर घालून वर महागडे शॉक घ्यायचे, हा पैसा पाण्यात. जड चाकाला आवरणं शॉकला जास्त कठीण जातं.

बसवतानाची एक गोष्ट कारागिराला आवर्जून सांगा. विशबोनच्या सांध्यांतले रबरी बुश फिरत नाहीत, पिळले जातात. गाडी जॅकवर, चाकं लोंबती असताना बोल्ट घट्ट केले तर गाडी खाली येताच बुश कायमचे पिळलेले राहतात, गाडी अवघडून बसते आणि रबर लवकर फाटतं. आधी बोल्ट सैल ठेवायचे, गाडी चाकांवर उभी करायची, दोन-चारदा हलवायची आणि मगच घट्ट करायचे. उंची बदलली की चाकांचे कोनही बदलतात, तेव्हा अलाइनमेंट त्याच दिवशी.

पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर शॉक चांगले घ्या आणि मूळच्या स्प्रिंगा, त्या गंजलेल्या किंवा तिरक्या बसलेल्या नसतील तर, तशाच ठेवा. सोबत शॉकच्या डोक्यावरचे रबरी माउंट आणि चारही बंप स्टॉप नवे मागवा. तीस वर्षांत त्या ठोकळ्यांचा भुगा झालेला असतो, आणि संपूर्ण यादीत तेच सर्वांत स्वस्त निघतात.